हुणशीकोप्पची मुक्कामी गाडी

हुणशीकोप्प,
६ मार्च १९९४

धाकट्या भावास, तम्मा विरुपाक्ष यास, चन्नक्काचे आशीर्वाद.

तू बदली होऊन नरेगट्टी डेपोत आलास आणि वेळापत्रकाच्या टेबलावर बसतोस, हे मला परवा कळलं. कुणाकडून, तर बांगडीवाल्याकडून! सख्ख्या काकाचा मुलगा चोवीस किलोमीटरवर येऊन राहतो आणि ते बहिणीला बांगडीवाला सांगतो. असो. भांडण भेटल्यावर करू. आज काम आहे.

आमच्या गावाला गाडी पाहिजे. आहे ती गाडी म्हणजे नुसती चेष्टा आहे. सकाळी साडेनऊला येते आणि नरेगट्टीला साडेदहाला पोचते. धारवाडची गाडी तिथून वीस मिनिटं आधी सुटलेली असते. नरेगट्टीजवळ काही अंतर रस्ता एकच आहे, तिथं वडाच्या वळणावर दोन्ही गाड्या समोरासमोर येतात, ड्रायव्हर एकमेकांना हात करतात आणि आम्ही काचेतून आमची चुकलेली गाडी बघत बसतो. पुढची एक वाजता. धारवाडला पोचेपर्यंत अडीच, आणि परत यायचं तर नरेगट्टीहून शेवटची गाडी चारला. म्हणजे आमच्या गावचा माणूस धारवाडला जातो तो पाय ठेवून परत फिरायला.

पूर्वी मुक्कामी गाडी होती. तुला काय सांगायचं, तूच तिचा कंडक्टर होतास. आमच्या कट्ट्यावर जेवायला बसायचास. एकदा बारा भाकरी खाल्ल्यास आणि वर म्हणालास, "अक्का, आज भूक जरा कमीच होती." तुझे दाजी हसून हसून खोकायला लागले होते. ती गाडी परत चालू कर. रात्री येऊन राहू दे, पहाटे निघून थेट धारवाडला जाऊ दे. आम्ही दहा-बारा बायका खानावळींसाठी कडक भाकरी करतो. टोपल्या सकाळी पोचल्या तर धंदा वाढेल.

उत्तर लगेच लिही. शारदेला आशीर्वाद.

तुझी,
चन्नक्का

*

नरेगट्टी,
२१ मार्च १९९४

पूज्य अक्कास, विरुपाक्षचा साष्टांग नमस्कार.

आल्या आल्या कळवलं नाही ही चूक झाली. डेपोच्या मागे खोली मिळाली आहे, सामान अजून पोत्यातच आहे. शारदा म्हणते, आधी अक्कांना भेटून या, मग पोती सोडू.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि हसू आलं. पंचायतीच्या निवडणुकीत यंदा बायकांच्या जागा आहेत, गाडीचा एवढा पुळका त्यासाठीच ना? उभी राहणार असशील तर सरळ सांग, माझ्यापासून काय लपवायचं?

गाडीचं म्हणशील तर अवघड आहे. मुक्काम बंद झाला ब्याऐंशी साली. तेव्हा म्हणे कुणा कर्मचाऱ्याची तक्रार आली होती. फाईल जुनी आहे, अर्धी उंदरांनी खाल्ली असावी. जुन्या गोष्टी उकरून उपयोग नसतो. भाकरीच्या टोपल्या दुधाच्या टेम्पोतून पाठवता येतील का? टेम्पोवाला माझ्या ओळखीचा आहे.

तुझा,
विरुपाक्ष

*

हुणशीकोप्प,
२ एप्रिल १९९४

विरुपाक्षास आशीर्वाद.

टेम्पोत माणसं बसतात का रे? मी भाकरी म्हटलं म्हणून तुला फक्त भाकरीच दिसली.

तक्रार! आमच्या गावाविरुद्ध! मी ही गोष्ट बसवण्णाच्या देवळात सगळ्यांसमोर सांगितली. म्हातारे कोट्रप्पा उठून म्हणाले, "कुणी केली? आमचं पाणी पिऊन गेलेल्यानं?" बायकांनी तर त्याला असे शब्द वापरले की मी ते पत्रात लिहीत नाही, पोस्टमन आमचं सगळं वाचतो. कोण होता तो? तो जाड्या ड्रायव्हर हनमंत तर नव्हे? तुला तेव्हाचं सगळं माहीत असणार. नाव काढ. त्याला एकदा गावात आण, बघू कशी तक्रार करतो.

आम्ही हात बांधून बसलेलो नाही. तालमीजवळची जुनी पत्र्याची खोली साफ केली आहे. दोन खाटा कोट्रप्पांनी दिल्या. संडास-न्हाणीसाठी खड्डा काल खणून झाला. खणायला तरुण मंडळाची पोरं होती आणि सूचना द्यायला सगळं गाव होतं. ड्रायव्हर-कंडक्टरच्या जेवणाची पाळी घराघरांवर लावून दिली आहे.

आणि सहज विचारते, धारवाडात कॉलेजं सकाळी किती वाजता उघडतात?

चन्नक्का

*

नरेगट्टी,
१९ एप्रिल १९९४

पूज्य अक्कास नमस्कार.

कॉलेजं दहाला उघडतात. पण त्यांच्या कँटीनमध्ये इडली-वडा चालतो, भाकरी कुणी घेणार नाही. मी चौकशी करून आलो.

तुझ्या पत्रानंतर मी दोन रविवार वेळापत्रक पुढ्यात घेऊन बसलो आणि मला एक गोष्ट दिसली. आमची धारवाडची पहिली गाडी सकाळी सहा पन्नासला सुटते. ती रात्रभर डेपोत उभी असते. हीच गाडी डेपोऐवजी तुमच्या गावात झोपली तर? पावणेसहाला हुणशीकोप्पहून निघायचं, पावणेसातला नरेगट्टी, सव्वाआठला धारवाड. संध्याकाळी सव्वापाचला धारवाड सोडायचं, पावणेआठला तुमच्याकडे. नवी गाडी नको, नवा माणूस नको, मध्ये उतरून दुसरी गाडी धरायला नको. मी कागदावर रेघा मारल्या आणि एकटाच टाळी वाजवली. शारदा स्वयंपाकघरातून बघायला आली.

कागद आमचे डेपो मॅनेजर नदाफ साहेब यांना दाखवला. ते म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण फायलीत ती तक्रार आहे तोवर आमची माणसं तिथं राहायला तयार होणार नाहीत. ज्यानं लिहिली त्यानंच मागे घेतली तर गोष्ट वेगळी."

त्या माणसाचं नाव कळून काय करायचं, अक्का? तेव्हा तो तरुण असेल, त्याचं काही कारण असेल. बारा वर्षं झाली. तू शिव्या देऊ नकोस.

विरुपाक्ष

*

हुणशीकोप्प,
२७ एप्रिल १९९४

तम्मा विरुपाक्षा,

तू कँटीनमध्ये जाऊन भाकरी खपेल का विचारून आलास! मला हसावं की रडावं कळेना. आता खरं सांगते.

भाकरी खरी आहे, पण गाडी पाहिजे ती माझ्या सुनेसाठी. महानंदाला धारवाडात शिक्षिकेच्या कोर्सला जागा मिळाली आहे. अकरा जुलैला वर्ग सुरू होतात. बारावीला तिला चांगले मार्क होते, मग लग्न झालं आणि ती माझ्याबरोबर भाकरी थापायला बसली. थापता थापता शेजारच्या पोरांचे पाढे घेते. एकदा चुलीकडे न बघता तिनं कुणाचं गणित सुधारलं आणि भाकरी जळली. मी ओरडणार होते, पण गणित बरोबर होतं. फॉर्म मीच आणला, मीच भरायला लावला.

तिचा नवरा, आपला इराप्पा, मडगावला गवंडीकाम करतो, दिवाळीला आणि गणपतीला येतो. त्याला यातलं काही लिहिलेलं नाही. वसतिगृह म्हटलं की तो नाहीच म्हणणार, आणि भावकी म्हणेल, सासूनं सुनेला घराबाहेर काढलं. रोज जाऊन रोज घरी येता आलं तर कुणाच्या तोंडाला विषयच राहत नाही. म्हणून गाडी.

तेव्हा आता त्या माणसाला मी शिव्या देत नाही. त्याचा पत्ता दे. मी स्वतः त्याच्या दारात जाते आणि सांगते, बाबा, पाया पडते, दोन ओळी लिहून दे.

चन्नक्का

*

नरेगट्टी,
१५ मे १९९४

अक्का,

पत्ता तुझ्याकडे आहे. प्रत्येक पाकिटावर तूच लिहितेस.

ती तक्रार मी केली होती.

लग्नाला तीन महिने झाले होते. आठवड्यातले चार मुक्काम हुणशीकोप्पला. शारदा एकटी असायची, आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मीच एकटा असायचो. रजा मागितली, मिळाली नाही. ड्यूटी बदलून मागितली, साहेब म्हणाले, कारण काय? बायकोची आठवण येते असं अर्जात कसं लिहू? म्हणून दुसरं लिहिलं. वाटलं, मला दुसरीकडे टाकतील. त्यांनी मुक्कामच बंद केला. तुला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून तुझ्याकडे येणंच कमी केलं. बदलीचंही म्हणूनच कळवलं नाही.

तुझं पत्र आलं आणि दोन रात्री झोप नाही. परवा नदाफ साहेबांसमोर नवा अर्ज ठेवला. जुनी तक्रार खोटी होती, मी ती मागे घेतो, खाली सही. त्यांनी फाईल मागवली. उंदरांनी एक अक्षरही खाल्लं नव्हतं. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "सदर गावी कर्मचाऱ्यांस अन्न व पाणी मिळत नाही. विंचवांचा सुळसुळाट आहे. गावकरी उर्मट आहेत." मग चष्म्यावरून बघत विचारलं, "विंचू किती होते?"

"एक, साहेब."

"चावला?"

"नाही. मेलेला होता."

"अन्न मिळत नव्हतं?"

"बहिणीकडे जेवायचो."

"पोटभर?"

मी बारा भाकरींचं सांगितलं. ते म्हणाले, "मग उर्मट कोण होतं?"

"बहीणच, साहेब. पण मायेनं."

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. खांदे हलत होते म्हणून कळलं की हसताहेत. मग म्हणाले, "दुसऱ्याविरुद्धच्या तक्रारी माझ्याकडे पोत्यानं येतात. स्वतःविरुद्धची ही पहिली. पण कागद वर जाईल, आणि जूनमध्ये तुमच्या बढतीची मुलाखत आहे, हे लक्षात आहे ना?"

मी म्हटलं, आहे.

कागद वर गेला आहे. तू काय म्हणशील ते म्हण.

विरुपाक्ष

*

(पोस्टकार्ड)
हुणशीकोप्प, ३ जून १९९४

पत्र पोचले. खोलीला चुना लावणे चालू आहे. नंतर लिहीन.
चन्नव्वा

*

नरेगट्टी,
१० जून १९९४

पूज्य अक्कांना शारदेचा नमस्कार.

तुमचं कार्ड आल्यापासून हे नीट जेवत नाहीत. रोज ते कार्ड काढून बघतात. म्हणतात, "बघ, 'चन्नक्का' लिहिलं नाही, 'चन्नव्वा' लिहिलं. परक्याला लिहितात तसं." मी म्हटलं, घाईत लिहिलं असेल. ऐकत नाहीत.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तेव्हा एके दिवशी हे अचानक घरी आले आणि म्हणाले, ड्यूटी बदलली. मी खुशीत शिरा केला होता. आता आठवलं की लाज वाटते. खोटं यांनी लिहिलं, पण शिरा मीही खाल्ला. तेव्हा जी काही शिक्षा द्याल ती दोघांना द्या. फक्त गप्प राहू नका.

आपली,
शारदा

*

हुणशीकोप्प,
१६ जून १९९४

विरुपाक्ष आणि शारदा दोघांना आशीर्वाद.

एक गोष्ट आधी लिहिते, आणि एकदाच लिहिते, पुन्हा कधी काढणार नाही. मुक्कामी गाडी होती तेव्हा गावातल्या चार पोरी पहाटे तिच्यानं नरेगट्टीच्या हायस्कुलात जायच्या. गाडी बंद झाली, चौघींची शाळा सुटली. त्यातली एक माझी मुलगी गंगा. ती आज सुखात आहे, दोन मुलं आहेत, पण मुलांच्या वह्या बघताना ती जरा जास्तच वेळ बघते. म्हणून माझे काही दिवस रागात गेले. चुना मी स्वतः लावला. भिंतीला इतका जोरानं लावला की कोट्रप्पा म्हणाले, "चन्नव्वा, भिंत पडेल."

मग महानंदानं पत्र मागितलं. तिनं वाचलं, आणि विंचवापाशी तिला जे हसू सुटलं ते थांबेना. मी म्हटलं, हसतेस काय? तर म्हणाली, "अत्ती, मामांनी बायकोसाठी खोटं लिहिलं, तुम्ही सुनेसाठी मुलापासून लपवलं. तुमच्या घराण्यात कुणी सरळ मागतच नाही का?" मग मलाही हसू आलं. दोघी पिठाचे हात घेऊन हसत बसलो, शेजारीण बघायला आली, तिला सांगितलं, आणि तिला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. आता देवळात पोरं एकमेकांना विचारतात, "विंचू किती?" "एक!" "चावला?" "मेलेला!"

शारदे, शिरा खाल्लास ते बरं केलंस. तीन महिन्यांची नवी नवरी होतीस, तू नाही खायचा तर कुणी?

शिक्षा ठरली आहे. गाडी सुरू होईल त्या रात्री विरुपाक्षनं आमच्या खोलीत मुक्काम करायचा आणि सकाळी खोलीबद्दल खरं काय ते लिहून द्यायचं. तू पण ये. तुला एकटीला ठेवून तो पुन्हा काही लिहील.

बढतीचं काय झालं ते कळव.

तुमची,
चन्नक्का

*

नरेगट्टी,
६ जुलै १९९४

अक्का,

हुकूम आला! दहा जुलै, रविवारी संध्याकाळी गाडी मुक्कामाला येईल आणि सोमवारी अकराला पहाटे पावणेसहाला धारवाडला निघेल. तीन महिने चालवून बघायची. प्रवासी मिळाले तर कायम.

पाटी रंगवायला मी स्वतः रंगाऱ्यापाशी बसलो. त्यानं आधी 'हुणशीकट्टी' लिहिलं होतं. मी इतका ओरडलो की तो म्हणाला, "साहेब, तुमची सासुरवाडी आहे का?" मी म्हटलं, बहिणीचं गाव आहे.

बढती या वर्षी नाही मिळाली. वरच्या साहेबांनी विचारलं, "खोटी तक्रार का केली होती?" मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी या." बाहेर आलो तर शिपायानं चहा पाजला. त्याचंही लग्न नुकतंच झालं आहे. वाईट वाटलं नाही असं नाही, पण त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलो.

आम्ही दोघं येतोय. शारदेनं आतापासून पिशवी भरली आहे.

विरुपाक्ष

*

हुणशीकोप्प,
१२ सप्टेंबर १९९४

तम्मा विरुपाक्षा आणि शारदे,

तुम्ही खोलीत मुक्काम करून परत गेल्यापासून पत्र लिहायला वेळ नाही. पहाटे साडेतीनला चूल पेटते. सव्वापाचला टोपल्या बांधून टपावर. महानंदा पाच पस्तीसला वेणी घालत असते आणि मी रोज ओरडते, आणि ती रोज पावणेसहाला गाडीत असते. तुझा ड्रायव्हर भला माणूस आहे. निघण्याआधी आरशात एकदा गल्लीकडे बघतो, कुणी पळत येतंय का म्हणून. आता मधल्या तीन वाड्यांची माणसं चढतात. हायस्कुलाच्या सहा पोरी झाल्या. नरेगट्टीनंतर उभ्यानं जावं लागतं म्हणून लोक कुरकुरतात, आणि मला ती कुरकुर ऐकायला फार गोड लागते.

पण आजचं पत्र वेगळ्या कारणासाठी आहे. इराप्पा आला.

गणपतीसाठी आठ तारखेला येतो म्हणाला होता, आला सात तारखेलाच. मी ठरवलं होतं, घरी आल्यावर आधी जेवू घालायचं, मग हळूच सांगायचं. तसं काही झालंच नाही. तो मडगावहून रेल्वेनं धारवाडला उतरला आणि स्टँडवर येऊन बघतो तर पाटी, 'धारवाड–हुणशीकोप्प'. त्याला वाटलं रंगाऱ्याची चूक असणार. कंडक्टरला विचारलं, "ही खरंच हुणशीकोप्पला जाते?" कंडक्टर म्हणाला, "रोज जाते. तुम्ही कुठं होतात?"

तो मागच्या बाजूला बसला. पुढे बायकांच्या जागेवर एक बाई कॉलेजच्या दोन पोरींना वहीत काहीतरी समजावून सांगत होती. नुसती पाठ दिसत होती, खांद्याला पिशवी. नरेगट्टी आलं तरी त्याला कळलं नाही. तिथं एक म्हातारी चढली, तिला जागा द्यायला ती बाई उठली, वळली, आणि समोर नवरा.

पुढचं मला त्या दोन्ही पोरींनी सांगितलं, दोघींनी एकदम, म्हणून थोडं इकडे-तिकडे असेल. तेवढ्यात कंडक्टर नव्या माणसांची तिकिटं फाडत आला. इराप्पानं धारवाडला नरेगट्टीपर्यंतचंच तिकीट काढलं होतं, पाटीवर त्याचा विश्वास नव्हता ना. आता दोन बोटं वर करून म्हणाला, "हुणशीकोप्प, दोन. एक माझं, एक हिचं."

महानंदा म्हणाली, "माझा पास आहे."

कंडक्टरनं इराप्पाकडे खालून वर बघितलं. "बाई रोजच्या आहेत. तुम्ही कोण?"

इराप्पा म्हणाला, "मी... यांचा नवरा."

सगळी गाडी हसली म्हणे. टपावरच्या रिकाम्या टोपल्यासुद्धा हसल्या असतील. महानंदानं पास काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो दिव्याखाली धरला. फोटो बघितला, नाव बघितलं, 'विद्यार्थिनी' हा शब्द बराच वेळ बघितला. मग परत दिला.

मी थांब्यावर टोपल्या घ्यायला गेले होते. दोघांना एका गाडीतून उतरताना बघितलं आणि मी टोपली तिथंच खाली ठेवली. पण बघितलं तर तिची पिशवी त्याच्या खांद्यावर होती.

घरी आला, हातपाय धुतले, जेवला. मी भाकरी वाढत होते आणि तो बोलायची वाट बघत होते. शेवटी ताटातून मान वर न करता म्हणाला, "अव्वा, मला का नाही सांगितलंस?"

"नाही म्हणाला असतास."

त्यानं विचार केला. "असतो," म्हणाला. मग आणखी एक भाकरी मागितली.

मला वाटलं, झालं एवढंच. आज सोमवार, कॉलेज उघडलं. पहाटे मी चुलीपाशी होते. इराप्पाच्या अंथरुणाकडे बघते तर मोकळं. मनात म्हटलं, रुसून निघून गेला की काय. महानंदा वेणी घालत होती, तिला मी काही बोलले नाही. पिशवी शोधायला लागली तर पिशवीही नाही. दोघी तशाच थांब्याकडे पळालो. ड्रायव्हर आरशात बघत होता, गणपती करून परतणाऱ्यांनी सगळ्या जागा भरल्या होत्या, पोरी दांड्याला धरून उभ्या होत्या. आणि पुढे खिडकीशी, बायकांच्या जागेवर, मांडीवर पिशवी घट्ट धरून इराप्पा बसला होता. भोवती चार बायका त्याला उठवायला बघत होत्या आणि तो म्हणत होता, "थांबा हो, माझी जागा नाही ही. येतेय ती."

महानंदा चढली. तो उठला, तिला बसवलं, पिशवी मांडीवर ठेवली आणि खाली उतरला. कंडक्टरनं घंटी मारली.

चन्नक्का